‘कधी परीक्षा आहे म्हणून सांगितलं बाईंनी?’ एक प्रश्न, दोन उत्तरं आणि जपानची पोरं

शनिवारची संध्याकाळ. राजारामपुरीत बहिणीच्या घरी चहाला बसलो होतो. तिचा मुलगा दुसरीत आहे. तेवढ्यात पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला, गणिताची चाचणी १८ तारखेला. बहिणीचं डोकं फिरलं, कारण पोरानं घरी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. तिनं स्वयंपाकघरातनंच आवाज दिला, ‘‘कधी परीक्षा आहे म्हणून सांगितलं रे बाईंनी?’’

पोरगं टीव्हीवरची नजर न काढता म्हणालं, ‘‘गुरुवारी.’’

झालं! ‘‘गुरुवारी सांगितलं आणि आज शनिवार मावळायला आला तरी तोंडातनं शब्द नाही तुझ्या? लपवायला कधीपासनं शिकलास?’’ पुढची दहा मिनिटं घरात जो काही गोंधळ झाला तो सांगत बसत नाही. पोरगं रडायला लागलं, आजी मध्ये पडली, टीव्ही बंद झाला. मग उलगडा झाला की बाईंनी त्याच दिवशी सकाळी, शनिवारच्या शाळेत सांगितलं होतं. चाचणी येत्या गुरुवारी होती.

आता इथं खोटं कोण बोललं? कुणीच नाही. आईनं विचारलं होतं, ‘बाईंनी कधी सांगितलं?’ पोरानं ऐकलं, ‘परीक्षा कधी आहे?’ वाक्य एकच, आणि त्यात हे दोन्ही प्रश्न बसतात. पुन्हा एकदा वाचून बघा. ‘कधी’ हा शब्द ‘परीक्षा आहे’ला जोडा, एक अर्थ निघतो. ‘सांगितलं’ला जोडा, दुसरा निघतो.

घरी परतताना हा विषय डोक्यातनं जाईना. मग शोधत गेलो तर कळलं की अगदी याच प्रकारच्या प्रश्नावर जपानमध्ये लहान मुलांना घेऊन प्रयोग झालाय. आणि त्यातून जे निघालं ते घरातल्या भांडणापासून कोर्टातल्या साक्षीपर्यंत सगळीकडं लागू पडतं.

फुलपाखरं कुठं पकडणार होती ती?

अकिरा ओमाकी हे भाषाशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांचा हा अभ्यास. २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. प्रयोगाची रीत एकदम साधी. मुलांना एक गोष्ट दाखवायची. गोष्टीतली मुलगी एका जागी कुणाला तरी सांगते की मी फुलपाखरं पकडणार आहे. पकडणार मात्र ती दुसऱ्याच जागी. म्हणजे गोष्टीत दोन जागा आल्या. एक सांगण्याची, एक पकडण्याची. मग मुलांना विचारायचं की कुठं ती फुलपाखरं पकडणार म्हणून सांगत होती?

दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, त्यामुळं मुलाची इथं परीक्षा नाही. बघायचं एवढंच, की पोरगं कुठल्या अर्थाकडं झुकतं.

हाच प्रश्न इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना विचारला तर बहुतेक वेळा उत्तर आलं ते सांगण्याच्या जागेचं. जपानी मुलांना विचारला तर उत्तर आलं पकडण्याच्या जागेचं. मोठ्यांना विचारलं तर तेही आपापल्या भाषेतल्या पोरांसारखंच वागले.

पहिल्यांदा वाचून वाटतं, जपानी मुलांचा विचारच वेगळा असेल, संस्कृती वेगळी वगैरे. तसलं काही नाही. कारण आहे क्रियापदाच्या जागेत.

इंग्रजीत ‘कुठे’ आल्यावर पहिलं क्रियापद येतं ते ‘सांगितलं’चं, ‘पकडणार’ त्याच्या मागनं येतं. जपानीत उलटं. जपानी वाक्याचा सांगाडा साधारण असा असतो: ‘दोको-दे... चोचो-ओ त्सुकामाएरु-तो इत्तेता-नो?’ शब्दाला शब्द लावला तर ‘कुठे... फुलपाखरं पकडणार म्हणून म्हणत होती?’ बघा, आपल्या मराठीची जुळी बहीणच! इथं ‘पकडणार’ आधी येतं आणि ‘म्हणत होती’ शेवटी.

म्हणजे दोन्हीकडं पोरं करतात एकच गोष्ट. ‘कुठे’ कानावर पडलं की डोक्यात एक रिकामी खुंटी तयार होते. पुढं जे पहिलं क्रियापद दिसेल त्याच्यावर ती ‘कुठे’ अडकवून मोकळी होतात. वाक्य संपायची वाट कुणी बघत नाही. तुम्ही-आम्हीही बघत नाही. समोरचा बोलत असतानाच आपण अर्थ लावत पुढं जात असतो. नाहीतर आपल्याकडच्या लांबलचक भाषणांचं काय झालं असतं!

मग पोरात आणि मोठ्यात फरक काय?

फरक आहे तो चूक दुरुस्त करण्यात.

त्याच अभ्यासात जपानी वाक्यात एक शब्द वाढवून बघितला. मराठीत सांगायचं तर, ‘कुठं ती बागेत फुलपाखरं पकडणार म्हणून म्हणत होती?’ आता पकडण्याची जागा वाक्यातच दिलीय, बागेत. मग ‘कुठं’ हा प्रश्न पकडण्याबद्दल असूच शकत नाही, तो म्हणण्याबद्दलच आहे. मोठी माणसं क्षणभर अडखळतात, पण मागं फिरून अर्थ बदलतात. मुलांना ते फिरणं जड जातं. ती पकडण्याच्या जागेचंच उत्तर देत राहतात.

याच्या आधी, १९९९ मध्ये, अमेरिकेत जॉन ट्रूसवेल आणि सहकाऱ्यांनी पाच वर्षांच्या मुलांवर असाच एक प्रयोग केला होता आणि तो या क्षेत्रात फार गाजला. समोर खेळण्यातला बेडूक, रुमाल आणि डबा. इंग्रजीत सांगायचं ‘रुमालावरचा बेडूक डब्यात ठेव’. पण इंग्रजीत हे वाक्य अशा क्रमानं येतं की ऐकणाऱ्याला आधी ‘बेडूक रुमालावर ठेव’ असंच ऐकू येतं, आणि ‘डब्यात’ नंतर येतं. मोठ्यांनी बेडूक सरळ डब्यात ठेवला. निम्म्याहून जास्त वेळा मुलांनी मात्र रुमालालाही त्यात ओढलं. कुणी बेडूक दुसऱ्या रुमालावर ठेवला, कुणी आधी रुमालावर ठेवून मग डब्यात टाकला.

हेच नंतर कोरियन भाषेत करून बघितलं गेलं. कोरियनही जपानी आणि मराठीसारखीच, क्रियापद शेवटी. तिथं बोलण्यात ‘रुमालावर’ आणि ‘रुमालाचा’ यांचे प्रत्यय सारखेच ऐकू येतात. वाक्याच्या शेवटी ‘उचल’ हे क्रियापद आलं तरी चार-पाच वर्षांची मुलं बेडूक उचलून रुमालावर नेऊन ठेवत होती. म्हणजे ‘उचल’ ऐकू आलंच. पण सुरुवातीला डोक्यात बसलेलं ‘रुमालावर’ पुसलं गेलं नाही.

(आपल्याकडं या बेडकाचा घोळ होत नाही. ‘रुमालावर’ आणि ‘रुमालावरचा’ यात तो एक ‘चा’ सगळं निस्तरतो. मराठीच्या प्रत्ययांना शाळेत आपण फार शिव्या घातल्यात, पण इथं ते कामी येतात.)

असं का होतं? संशोधकांचं म्हणणं असं की, एकदा घेतलेला निर्णय दाबून टाकायचा आणि नवा घ्यायचा, यासाठी मनावर एक प्रकारचा लगाम लागतो. हा लगाम मुलांमध्ये फार सावकाश तयार होतो. शब्द सगळे येतात, व्याकरण जवळजवळ सगळं येतं, पण रिव्हर्स गिअर अजून नीट बसलेला नसतो. पाच-सहा वर्षांचं पोरगं फाडफाड बोलतं, टीव्हीवरचे डायलॉग जसेच्या तसे म्हणतं, म्हणून आपण धरून चालतो की त्याला आपलं सगळं बोलणं कळतं. गंमत म्हणजे ते अगदी लहान असताना आपण बरोबर वागत असतो. ‘भूर जायचं?’, ‘मम्मं हवं?’ अशी दोन शब्दांची भाषा आपण आपोआप वापरतो. अशोक केळकरांनी १९६४ मध्येच मराठीतल्या या बाळबोलीवर शोधनिबंध लिहिला होता. पण पोरगं शाळेत जायला लागलं की आपण एकदम वाक्यात वाक्य घालून विचारायला लागतो.

मराठीला दोन दारं आहेत

आता इथं विषय खास आपला होतो.

इंग्रजीला एकच क्रम आहे, आधी ‘सांगितलं’, मग काय सांगितलं ते. जपानीचा क्रम उलटा. मराठीला मात्र दोन्ही येतात.

एक दार ‘की’चं. ‘बाईंनी कधी सांगितलं की परीक्षा आहे?’ इथं ‘कधी’ सांगण्यालाच चिकटलंय. ‘की’ म्हणजे मध्ये भिंत आहे, ‘कधी’ तिच्या पलीकडं उडी मारत नाही. हा ‘की’ आपल्याकडं फारसीच्या वाऱ्यानं आला असं मानतात.

दुसरं दार ‘म्हणून’चं. ‘परीक्षा आहे म्हणून सांगितलं’, ‘येतो म्हणून गेला’, ‘पाऊस येणार म्हणून वाटतंय’. हा ‘म्हणून’ म्हणजे ‘त्या कारणानं’ असा अर्थ असलेला नव्हे. कुणाचं तरी बोलणं किंवा विचार गुंडाळून पुढच्या क्रियापदाच्या हातात देणारा. जपानीत हेच काम ‘तो’ करतो. कन्नडमध्ये ‘अंत’ करतो, तेलुगूत ‘अनि’, दखनीत ‘बोलके’. ‘आता है बोलके गया’ हे वाक्य ज्यानं मिरजेच्या स्टेशनवर ऐकलंय त्याला वेगळं सांगायला नको.

कोल्हापूर-सांगली पट्ट्यात ‘म्हणून’चं दार सताड उघडं असतं, आणि त्याला शेजार कारण आहे. निपाणी, कागल, गडहिंग्लज, पुढं बेळगाव. घरात मराठी, बाजारात कन्नड, मित्रांत हिंदी-उर्दू असे लोक इथं पिढ्यान् पिढ्या राहतात. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी केलेला अभ्यास जगभरच्या भाषाशास्त्राच्या पुस्तकांत शिकवला जातो. १९७१ मध्ये तो छापून आला. त्यांना दिसलं की गावातली कन्नड, मराठी आणि उर्दू यांचे शब्द वेगवेगळे, पण वाक्यांचे सांगाडे इतके एकसारखे झालेत की एका भाषेतल्या शब्दाच्या जागी दुसऱ्या भाषेतला शब्द ठेवत गेलं तरी वाक्य मोडत नाही. आज कुपवाड सांगली-मिरजेबरोबर एकाच महापालिकेत आहे आणि तिथली एमआयडीसी लोकांना जास्त माहिती आहे. पण भाषेच्या जगात ते गाव आधीच प्रसिद्ध होतं.

तर सांगायचा मुद्दा, ज्या वाक्यानं बहिणीच्या घरात भांडण लागलं ते ‘म्हणून’वालं वाक्य होतं, जपानी बांध्याचं. आणि पोरानं तेच केलं जे जपानी मुलं करतात. ‘कधी’ ऐकलं, पुढं पहिलं ‘परीक्षा आहे’ आलं, अडकवलं, उत्तर दिलं. आईनं जर ‘बाईंनी कधी सांगितलं की परीक्षा आहे?’ असं विचारलं असतं तर पहिलं क्रियापद ‘सांगितलं’ आलं असतं आणि उत्तर कदाचित ‘आजच’ असं आलं असतं.

घरात पाच-सहा वर्षांचं पोरगं असेल तर करून बघा. गोष्ट सांगायची: चिमी बाबांबरोबर रंकाळ्यावर गेली. तिथं भेळ खाता खाता ती बाबांना म्हणाली, मी रविवारी पन्हाळ्यावर पतंग उडवणार. मग सपाट सुरात, कुठल्याही शब्दावर जोर न देता विचारायचं, ‘कुठं चिमी पतंग उडवणार म्हणून म्हणाली?’ रंकाळा आणि पन्हाळा, दोन्ही बरोबर. दुसऱ्या एखाद्या दिवशी तीच गोष्ट सांगून विचारा, ‘चिमी कुठं म्हणाली की ती पतंग उडवणार?’ आणि सगळ्यात शेवटी, ‘कुठं चिमी पन्हाळ्यावर पतंग उडवणार म्हणून म्हणाली?’ हा शेवटचा प्रश्न आजोबांनाही विचारा. ते थांबतील, कपाळाला आठी घालतील आणि मग रंकाळा म्हणतील. पोरगं काय म्हणतंय ते ऐका. फक्त ‘चूक’ म्हणू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते तुमच्या चेहऱ्याकडं बघून उत्तर देईल.

अजून एक गमतीची गोष्ट. मराठीत आतल्या वाक्याबद्दल विचारायचं झालं तर आपण सरळ दोन प्रश्नशब्द वापरतो. ‘तुला काय वाटतं, चोर कुठं लपला असेल?’ इथं ‘काय’ला स्वतःचं उत्तर नको असतं, तो फक्त पुढच्या ‘कुठं’साठी पाटी धरून उभा असतो. इंग्रजीत अशी सोय नाही. पण इंग्रजी बोलणाऱ्या लहान मुलांना दोन प्रश्नशब्द असलेलं वाक्य ऐकवलं, म्हणजे ‘मुलगा कधी म्हणाला की त्याला कसं लागलं?’ अशा धाटणीचं, तर ती पुष्कळदा पहिल्या ‘कधी’ला सोडून मधल्या ‘कसं’चं उत्तर देतात. ‘झाडावरून पडून’ असं. जिल डी व्हिलियर्स आणि टॉम रोपर यांनी हे दाखवलं. इंग्रजीत ही चूक धरतात. पण आपल्या ‘काय वाटतं, कुठं’मध्ये मधल्या शब्दाचंच उत्तर द्यायचं असतं. न्यूयॉर्कमधलं पोरगं काही काळ मराठीच्या नियमानं प्रश्न सोडवतं म्हणा ना!

‘का’, ‘काय’ आणि ‘परवा’

वाक्यात वाक्य घातलं तरच घोळ होतो असंही नाही. मराठीत बारकी बारकी भुयारं बरीच आहेत.

‘जेवत नाहीस का?’ हा प्रश्न पुण्यात विचारला तर तो ‘जेवणार आहेस की नाही’ असाही असतो आणि ‘का जेवत नाहीस’ असाही. सुरावरनं कळतं. व्हॉट्सॲपवर सूर नसतो, म्हणून तिथं मोठ्यांचीही भांडणं होतात. कोल्हापूरनं यावर आपला उपाय काढलाय, ‘जेवलास काय?’ पण मग ‘काय’चे दोन अर्थ होतात. ‘खाल्लंस काय?’ म्हणजे हो-नाही सांग, आणि ‘काय खाल्लंस?’ म्हणजे पदार्थ सांग. मुंबईहून आलेल्या चुलत भावाला कोल्हापूरच्या आजीनं ‘खाल्लंस काय?’ विचारल्यावर तो ‘पोहे’ म्हणाला, हे मी स्वतः बघितलंय. तो सात वर्षांचा होता. आजी म्हणाली, ‘‘ते कळलं, खाल्लंस काय?’’

आणि ‘परवा’? गेलेलाही परवा आणि येणाराही परवा. ‘परवा मामा...’ एवढं ऐकून काहीच कळत नाही. ‘आला’ की ‘येणार’, हे शेवटच्या शब्दावर. जपानीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, आपण एकावर भागवतो. ‘काल’ आणि ‘उद्या’ यांतच ज्या पोराचा गोंधळ होतो, त्याला ‘परवा’ची तारीख विचारून त्यावरनं खरं-खोटं ठरवू नये.

‘कळलं नाही’ असं पोरगं म्हणत नाही

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, एवढंच आहे तर पोरानं विचारावं ना, ‘म्हणजे काय?’ अडचण तिथंच आहे.

मार्टिन ह्यूज आणि रॉबर्ट ग्रीव्ह यांनी १९८० मध्ये पाच आणि सात वर्षांच्या मुलांना मुद्दाम वेडेवाकडे प्रश्न विचारले. ‘दूध पाण्यापेक्षा मोठं असतं का?’, ‘लाल रंग पिवळ्यापेक्षा जड असतो का?’ जवळपास सगळ्या मुलांनी उत्तरं दिली. कारणंही दिली. दूध मोठं, कारण त्याला रंग असतो. प्रश्नालाच अर्थ नाही, असं सहसा कुणी म्हणालं नाही.

नंतर अमांडा वॉटरमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हे मुख्यतः हो-नाहीच्या प्रश्नांत होतं. ‘पाय नाश्त्याला काय खातात?’ असा मोकळा प्रश्न विचारला तर मुलं सरळ ‘माहिती नाही’ म्हणतात. ‘स्वेटर झाडापेक्षा रागीट असतो का?’ असं विचारलं तर मात्र हो किंवा नाही म्हणून मोकळी होतात. जपानमध्येही माको ओकांदा आणि शोजी इताकुरा यांच्या अभ्यासांत दिसलं की तीनेक वर्षांची मुलं हो-नाहीच्या प्रश्नाला ‘हो’कडं जोरात झुकतात. वय वाढतं तसं हे कमी होतं.

आपल्याकडं याला अजून एक फोडणी आहे. मोठ्यांनी विचारलं की उत्तर द्यायचं, उलट प्रश्न करायचा नाही, हे बऱ्याच घरांत न सांगता शिकवलं जातं. याच कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, तेव्हा मुलाला बोलतं करणं, त्याच्या अनुभवातनं शिकवणं हा त्या शाळेचा पाया होता. अशा वर्गात ‘बाई, मला प्रश्नच कळला नाही’ म्हणायला पोराला धाडस लागत नाही. बाकी किती वर्गांत लागतं, हे आपापल्या शाळेचे दिवस आठवून बघा.

आणि हेच पोरगं कोर्टात उभं असेल तर?

घरातला गैरसमज दहा मिनिटांत मिटतो. सगळीकडं तो मिटत नाही.

भारतीय कायद्यात साक्षीदार व्हायला वयाची अट नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ११८ आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १२४, दोन्हींचा गाभा एकच. विचारलेला प्रश्न समजत असेल आणि त्याचं सुसंगत उत्तर देता येत असेल, तर लहान मूलही साक्ष देऊ शकतं. म्हणून न्यायाधीश आधी मुलाला साधे प्रश्न विचारून बघतात. नाव काय, शाळा कुठली, खरं बोलायचं म्हणजे काय. १९९७ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की लहान साक्षीदार विश्वासार्ह वाटला तर त्याच्या साक्षीवर शिक्षाही होऊ शकते.

आता बघा, नाव आणि शाळा विचारणारे प्रश्न सगळ्यांना समजतात. पण उलटतपासणीतला प्रश्न तसा नसतो. समजा विचारलं, ‘कुठं तो माणूस भेटला म्हणून सांगितलंस तू आईला?’ मूल म्हणेल, ‘जिन्यात.’ कारण माणूस जिन्यात भेटला होता. पोलिसांच्या जबाबात लिहिलेलं असेल की आईला घरी आल्यावर सांगितलं. मग प्रश्न येईल, ‘म्हणजे आई जिन्यात होती?’ मूल गप्प. किंवा त्याहून वाईट, ‘हो.’ कागदावर आली विसंगती. आणि मूल तर खरंच बोलत होतं.

१४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या पोक्सो कायद्यात यावर बराच विचार दिसतो. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा. पोलीस गणवेशात नकोत. मूल जसं बोललं तसाच जबाब लिहायचा. गरज पडली तर दुभाषी द्यायचा. कोर्टात सरकारी वकील असोत की आरोपीचे, त्यांनी मुलाला थेट प्रश्न विचारायचा नाही. प्रश्न न्यायाधीशांकडं द्यायचा आणि त्यांनी तो मुलाला विचारायचा. कलम ३३ मधली ही तरतूद मला फार मोलाची वाटते. कारण प्रश्न वकिलाकडनं मुलाकडं जाताना मध्ये एक थांबा आहे. तिथं प्रश्न फक्त सौम्य आवाजात पुन्हा वाचता येतो, किंवा त्याचे दोन सरळ प्रश्न करता येतात. ‘तो माणूस कुठं भेटला?’ थांबा. उत्तर लिहा. ‘आईला हे सांगितलंस तेव्हा तू कुठं होतास?’ थांबा. उत्तर लिहा. आरोपीच्या बाजूनं बघितलं तरी यात कुणाचं नुकसान नाही. मूल खरंच गोंधळलेलं असेल, किंवा कुणी पढवलेलं असेल, तर तेही सरळ प्रश्नातच जास्त स्वच्छ दिसतं.

जबाबाची भाषा हा आणखी एक पेच. गडहिंग्लज-चंदगडकडच्या पोरानं ‘म्हणून’ लावून सांगितलेलं वाक्य लिहिणारा माणूस सवयीनं ‘की’ लावून प्रमाण मराठीत लिहितो. ‘जसं बोललं तसंच’ याचा अर्थ तो ‘म्हणून’ही तसाच ठेवणं असा घ्यायला हवा, असं माझं मत आहे. कारण ‘कुठं’, ‘कधी’ कुणाला जोडलंय हे त्या क्रमात असतं. क्रम बदलला तर अर्थही सरकू शकतो, आणि सहा महिन्यांनी कोर्टात तोच सरकलेला अर्थ मुलासमोर धरला जातो.

शाळेतल्या चौकशीचंही तेच. डबा कुणी सांडला, पेन्सिल कुणी घेतली, असल्या गोष्टींत ‘कुणी घेतली म्हणून सांगितलंस तू?’ असा प्रश्न वर्गात सर्रास येतो. पोरगं घेणाऱ्याचं नाव सांगतं आणि ऐकणारा ते सांगणाऱ्याचं समजतो, किंवा उलट. एक प्रश्न, एक क्रियापद, एवढं जरी पाळलं तरी निम्मी प्रकरणं मुख्याध्यापकांपर्यंत जाणार नाहीत. त्यातही हो-नाहीपेक्षा ‘मग काय झालं?’ हा प्रश्न बरा. उत्तर आल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारायचा नाही, कारण दुसऱ्यांदा विचारलं की लहान मुलाला वाटतं पहिलं उत्तर चुकलं, आणि ते बदलतं. आणि उत्तर विचित्र वाटलं तर ओरडायच्या आधी आपलाच प्रश्न एकदा मनात म्हणून बघायचा, त्यात ‘म्हणून’ होता का.

बहिणीला मी हे सगळं फोनवर समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, ‘‘बरं, मग आता तूच विचार त्याला.’’ फोन पोराकडं गेला. मी एक क्रियापद घेऊन, अगदी सावकाश विचारलं, ‘‘बाळा, गणिताची चाचणी कधी आहे?’’

‘‘झाली की परवाच!’’